आमच्या चुकांनाही गुण द्या : अभ्यास मंडळाला एका विद्यार्थिनीचं खुलं पत्र

प्रति,
माननीय सदस्य,
संगणकशास्त्र अभ्यास मंडळ

सविनय नमस्कार.

मी कला शाखेच्या पहिल्या वर्षात शिकते. मुख्य विषय इतिहास. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आम्हा कलावाल्यांनाही कौशल्याचा एखादा विषय घ्यावाच लागतो, म्हणून मी ‘संगणकीय विचार आणि वेब डिझाइनची तोंडओळख’ हा विषय घेतला. दोन श्रेयांक, पन्नास गुण. खरं सांगायचं तर आवडीनं घेतला नव्हता. बाकीच्या विषयांचे तास संध्याकाळपर्यंत चालायचे आणि आमच्या गावाची गाडी साडेपाचला सुटते. या विषयाची प्रात्यक्षिकं सकाळी होती. पण एका सत्रात हा विषय डोक्यात असा जाऊन बसला की आता इतिहासाची टिपणं काढतानाही मी त्याचीच रीत वापरते. म्हणून आपल्याला लिहायचं धाडस करते आहे.

अभ्यासक्रम आपण ठरवता आणि परीक्षेचा आराखडाही आपल्याकडूनच येतो. अभ्यासक्रमाबद्दल माझी तक्रार नाही. तो कोणीतरी मनापासून बसवला आहे हे शिकताना जाणवत होतं. मला बोलायचं आहे ते परीक्षेबद्दल.

पन्नासपैकी तीस गुण लेखी पेपरला होते. पहिला प्रश्न : ‘संगणकीय विचाराचे चार घटक सांगून स्पष्ट करा.’ दुसरा : ‘महाविद्यालयाचे वेळापत्रक दाखवणारा तक्ता एचटीएमएलमध्ये लिहा.’ म्हणजे वेबपान मांडायच्या भाषेत, आणि तेही कागदावर, पेनानं. मी अडीच महिने वेळापत्रकच करत होते, एसटीचं. ते पान आज चालू आहे, आमच्या गावातली माणसं ते बघून घरातून निघतात. तरी कागदावर तक्ता लिहिताना माझा गोंधळ उडाला. प्रत्यक्ष काम करताना आपण दोन ओळी लिहितो, ब्राउझरमध्ये बघतो, मग पुढच्या दोन लिहितो. कागद काहीच दाखवत नाही. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली तेव्हा दिसलं की तक्त्यातल्या तीन चौकटींना शेवटचा टॅग, म्हणजे चौकट इथे संपली असं सांगणारी खूण, लावायचा राहिला म्हणून दीड गुण गेला होता. एचटीएमएलच्या मानकाप्रमाणे लगेच पुढची चौकट येत असेल तर तो टॅग गाळता येतो. ब्राउझर तक्ता बरोबर दाखवतो. तपासणाऱ्या सरांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात फक्त कागद होता आणि कागदावर तपासण्यासारखं तेवढंच दिसतं. मला पन्नासपैकी एकेचाळीस मिळाले, तेव्हा हे पत्र गुण वाढवून मागण्यासाठी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : या विषयात मी जे शिकले ते चुका शोधताना शिकले, आणि परीक्षेत त्या चुकांना कुठेच जागा नव्हती. ती द्यावी. कसं शिकले ते नीट सांगते, नाहीतर मागणी हवेत राहील.

पहिल्याच आठवड्यात आमच्या सरांनी सांगितलं होतं, ‘तुमच्या गावात लोक रोज एकमेकांना कुठला प्रश्न विचारतात तो शोधा. त्याचं उत्तर देणारं पान करा.’ माझ्या मैत्रिणीनं शेतीपंपाची वीज घेतली, कारण या आठवड्यात दिवसाची पाळी की रात्रीची हे तिच्या वडिलांना चार जण फोन करून विचारतात. मी गाडी घेतली. आमच्या फाट्यावर दिवसभर एकच प्रश्न असतो : ‘गेली का?’ एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली हे मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून पाठ होतं. माझ्या गावाला दिवसात किती गाड्या येतात हे मात्र धड सांगता आलं नसतं.

पान पाच मिनिटांत झालं. तालुक्याच्या स्टँडवर जाऊन वेळापत्रकाच्या फलकाचा मोबाइलवर फोटो काढला, वर मोठ्या अक्षरांत मथळा, खाली फोटो. मला वाटलं संपलं. आमच्या वर्गात राज्यशास्त्राचा एक विद्यार्थी आहे, त्याला दिसत नाही. एनव्हीडीए नावाचं मोफत सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर त्याला इअरफोनमधून वाचून दाखवतं. तोही त्याच गाडीनं अर्ध्या वाटेपर्यंत येतो, म्हणून उत्साहानं त्याला म्हटलं, बघ रे माझं पान. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, ‘ग्राफिक एवढंच ऐकू येतंय. यात आहे काय?’

मग मी फोटोला पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोऐवजी ऐकू येणारं वर्णन, जोडला : ‘एसटीचे वेळापत्रक’. पुन्हा त्याच्याकडे. ‘बरं, कळलं वेळापत्रक आहे,’ तो म्हणाला. ‘आता सांग, चारनंतरची पहिली गाडी कोणती?’ त्याचा आवाज अगदी साधा होता, तो खरंच विचारत होता, आणि माझं पान त्याला उत्तर देऊ शकत नव्हतं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते दुसऱ्या कोणालाही धड देत नाही. आजीला मोबाइलवर फोटो मोठा करून बोटानं सरकवत बसावं लागलं असतं. फलकाचा फोटो म्हणजे माहिती नव्हे. माहिती फोटोतून काढून एकेक करून मांडावी लागते.

मांडायला बसले तर पहिल्याच ओळीला अडले. तक्त्यात एक ओळ म्हणजे एक गाडी की एक फेरी? रात्री साडेआठला येते ती मुक्कामी गाडी सकाळी सहाला परत जाते. गाडी एकच, चालक-वाहक तेच, पण सकाळी कॉलेजला जाणाऱ्यांना ती ‘सहाची’ आणि रात्री बाजारातून येणाऱ्यांना ‘मुक्कामी’. फलकावर ती दोनदा लिहिलेली होती आणि मी एकदाच घेतली होती. शिवाय एका वेळेपुढे बारीक अक्षरांत ‘शाळा’ आणि दुसऱ्या एका वेळेपुढे ‘बाजार’ असं होतं. स्टँडवरच्या कंट्रोलर काकांना विचारलं. त्यांनी चहा सांगितला आणि अर्धा तास बसवून सगळं समजावलं : शाळेची फेरी सुट्टीत बंद, बाजारची फक्त गुरुवारी, आणि जत्रेला जादा गाड्या सुटतात त्या फलकावर कधीच नसतात. त्या दिवशी मी माझ्या वहीत तक्त्याचे चार रकाने आखले. कुठून, कुठे, किती वाजता, आणि कधी धावते. हा चौथा रकाना मला कुठल्याही पाठ्यपुस्तकानं दिलेला नाही.

रकान्यांना मथळ्याचा टॅग दिल्यावर ते पान पुन्हा त्या मित्रापुढे ठेवलं. बाण दाबत तो तक्त्यात फिरू लागला. सॉफ्टवेअर चौकटीबरोबर रकान्याचं नावही सांगत होतं. ‘किती वाजता, चार वाजून दहा. कधी धावते, रोज.’ तो हसला आणि म्हणाला, ‘आता ही गाडी मला सापडली.’

सदस्यहो, विघटन (मोठं काम तुकड्यांत तोडणं), आकृतिबंध ओळखणं, अमूर्तीकरण, क्रमविधी (पायऱ्या क्रमानं लावणं) हे चार घटक पेपरात लिहिले त्याचे मला पूर्ण गुण मिळाले. पण अमूर्तीकरण म्हणजे काय हे मला त्या फोटोपाशी कळलं. कामाचं काय आहे ते ठेवायचं, बाकीचं सोडायचं, आणि कामाचं काय हे स्वतः ठरवायचं नाही, पान वापरणाऱ्याला विचारायचं. पेपरात मी ही गोष्ट लिहिली नाही. तिथे व्याख्या मागितली होती.

दुसरी गोष्ट तिकिटाची. सत्राच्या शेवटी, पानाला हिशेब करायला लावते त्या जावास्क्रिप्ट भाषेची थोडी ओळख होती, तेव्हा वाटलं की पानावर ‘तुमचं तिकीट किती’ हेही दाखवावं. भाडं भरलं, वय भरलं, स्त्री की पुरुष ते निवडलं की सवलत लावून आकडा यावा. सवलती सगळ्यांना माहीत आहेत. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास, ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट, ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धं. मी लिहायला घेतलं तेव्हा साहजिकच आधी स्वतःचा विचार केला. पहिली अट लिहिली : स्त्री आहे का? असेल तर अर्धं. नसेल तर पुढे जाऊन वय बघ.

मी माझं वय घालून पाहिलं, बरोबर. बाबांचं घातलं, बरोबर. भावाचं घातलं, बरोबर. रविवारी आजीला दाखवलं. आजी ७७ वर्षांची. तिचं वय भरलं, स्त्री निवडलं, आकडा आला : अर्धं तिकीट. आजी म्हणाली, ‘अगं, मला तर पैसेच पडत नाहीत. कार्ड दाखवलं की झालं. तुझा कॉम्प्युटर माझ्याकडून पैसे का घेतोय?’

मी तासभर ते वय पुन्हा पुन्हा तपासत बसले. ७७ हा आकडा ७५ पेक्षा मोठा आहे हे संगणकाला कळत नसेल का, असाही विचार येऊन गेला. शेवटी कागदावर आजीला बोटानं ओळीओळीतून चालवत नेलं. पहिल्या दारात विचारलं, स्त्री आहे का? हो. मग अर्धं तिकीट, बाहेर. ती वयाच्या दारापर्यंत पोहोचतच नव्हती. एकेक अट बरोबर होती, त्यांचा क्रम चुकला होता. वयाची अट वर नेली, एक ओळ उचलून दोन ओळी वर ठेवली, आणि आजीचं तिकीट शून्य झालं.

माझ्या वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे : ‘काय यायला हवं होतं : शून्य. काय आलं : अर्धं. मला काय वाटलं : वयाची तुलना चुकली. काय निघालं : आजीला कोणी वय विचारलंच नाही. आता काय करीन : जिला सगळ्यात जास्त सवलत आहे तिला आधी बघीन.’ खाली आणखी एक ओळ आहे : ‘माझ्यासारख्यांवरच तपासलं तर सगळं बरोबरच येणार.’ ही शेवटची ओळ मला या सत्रात मिळालेल्या सगळ्या गुणांपेक्षा मोलाची वाटते.

‘७५ वर्षांवरील’ या शब्दांनीही मला थांबवलं. ज्या दिवशी ७५ पूर्ण होतात त्या दिवशी माणूस ‘६५ ते ७५’ मध्ये की ‘७५ वरील’ मध्ये? बोलताना आपल्याला हा प्रश्न पडतच नाही. कोडमध्ये ‘पेक्षा मोठा’ आणि ‘मोठा किंवा तेवढाच’ अशी दोन वेगळी चिन्हं असतात, त्यातलं एक निवडावंच लागतं. मी पुन्हा कंट्रोलर काकांकडे गेले, विचारलं, त्यांनी सांगितलं तसं चिन्ह ठेवलं. नियम वाचणं आणि नियम कळणं यात किती अंतर आहे हे मला तोवर कोणी इतकं स्पष्ट दाखवलं नव्हतं.

यानंतर आमचे चुलते. वय ७०, पुरुष, म्हणजे अर्धं तिकीट यायला हवं. आलं पूर्ण. क्रम आता बरोबर होता, तरी पूर्ण. या चुकीनं लॅबमध्ये एका संगणकावर बसणाऱ्या आम्हा तिघींना दोन दिवस खाल्लं. माझ्या मोबाइलवर भरलं की अर्धं, त्यांच्या मोबाइलवर भरलं की पूर्ण! शेवटी त्यांच्या शेजारी बसून बघितलं तेव्हा सापडलं. काका मराठी कीबोर्ड वापरतात. त्यांनी वय ‘७०’ असं आपल्या आकड्यांत लिहिलं होतं. जावास्क्रिप्ट देवनागरी आकड्यांना संख्या मानत नाही. ती ‘ही संख्या नाही’ असं ठरवते, आणि संख्या नसलेल्या गोष्टीची कशाशीही लहान-मोठी तुलना केली तर उत्तर कायम ‘नाही’. ६५ किंवा त्याहून मोठे आहात का? नाही. ५ ते १२ मध्ये आहात का? नाही. सगळी दारं बंद होत होत काका शेवटच्या दारातून पूर्ण तिकीट घेऊन बाहेर पडत होते. आणि कुठेही लाल अक्षरांत चूक म्हणून काही येत नव्हतं.

कोणी सुचवलं की तिथे ‘कृपया इंग्रजी आकडे वापरा’ अशी सूचना टाक. मला ते पटेना. पान मराठीत, वेळा मराठीत, आणि वय सांगताना काकांनी आपले आकडे बाजूला ठेवायचे हे कसं? सरांनी एक धागा दिला : युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरी शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे लागोपाठच्या क्रमांकांवर बसवले आहेत. म्हणजे कुठल्याही आकड्याच्या क्रमांकातून शून्याचा क्रमांक वजा केला की तो आकडा संख्या म्हणून हाती येतो. सहा-सात ओळींचं काम. ते चाललं तेव्हा लॅबमध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या. संगणकाची भाषा मराठी नाही म्हणून मराठी माणसानं वाकायचं, हे काही अटळ नाही. कोणीतरी बसून त्या ओळी लिहाव्या लागतात, एवढंच.

बारीकसारीक चुका तर कितीतरी. पानाची सजावट ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये एक अर्धविराम राहिला आणि ती ओळ तर गेलीच, खालची ओळही सोबत गेली. वेळा क्रमानं लावल्या तर १०.१५ ची गाडी ६.१० च्या वर जाऊन बसली, कारण संगणक त्यांना वेळ न समजता अक्षरं समजत होता. फोटोच्या नावाचं शेपूट (टिंबानंतरची अक्षरं) मोठ्या लिपीतलं आणि कोडमध्ये लहान लिपीतलं. लॅबच्या संगणकावर फोटो दिसायचा, सर्व्हरवर चढवला की गायब. पानाची भाषा मराठी आहे हे सांगायचं राहिलं होतं, ते सांगितल्यावर फाँटनं ‘ल’ आणि ‘श’ आपोआप मराठी वळणाचे केले. हे पाहून आमच्या मराठीच्या बाईंना फार आनंद झाला.

आता थोडं पुस्तकातलं, कारण ते मला याच अनुभवामुळे कळलं. १९६७ मध्ये मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा तयार झाली. तिच्यात पडद्यावरच्या कासवाला हुकूम देऊन चित्र काढायचं असतं. ती करणाऱ्यांपैकी सेमूर पॅपर्ट यांनी १९८० मध्येच संगणकीय विचार हा शब्द वापरला होता. पुढे २००६ मध्ये संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या लेखामुळे तो जगभर शाळा-कॉलेजांत पोचला. आमच्या पुस्तकात विंग यांचं नाव आहे, पॅपर्ट यांचं ओझरतं आहे. पण पॅपर्ट यांचा एक आग्रह होता, तो पुस्तकात यायला हवा होता : शाळेत उत्तर बरोबर की चूक एवढंच विचारतात, म्हणून मुलं चूक लपवतात, कासवाशी खेळताना मूल विचारतं की हे दुरुस्त कसं करू. आजीच्या तिकिटापाशी मी नेमकं हेच विचारत होते. आणि पेपरात मी बारावीपर्यंत जशी होते तशीच पुन्हा झाले. जे पक्कं येत नव्हतं त्याच्याभोवती चार वाक्यं गुंडाळली आणि पुढे गेले.

वेबचा इतिहासही असाच मनाला लागला. १९८९ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत प्रस्ताव दिला. त्याच्या मुळाशी तक्रार अशी की माणसं येतात-जातात आणि त्यांच्या डोक्यातली माहिती त्यांच्याबरोबर निघून जाते. मी हे वाचलं तेव्हा मला कंट्रोलर काका आठवले. ते पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत.

आणि इतिहासाचं म्हटलं ते असं. जुन्या मराठी कागदांत शुहूर सन, म्हणजे त्या काळची एक वेगळी वर्षगणना, असतो. त्यावरून इसवी सन काढताना ५९९ मिळवायचे की ६०० यात मी दर वेळी चुकायचे. आता वहीत अट लिहिली आहे : वर्ष मृगाला सुरू होतं; पत्र मृगानंतरचं, डिसेंबरअखेरपर्यंतचं असेल तर ५९९, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचं असेल तर ६००. आधी महिना बघायचा, मग बेरीज करायची. आजीनं शिकवलेला क्रम.

तर माझी मागणी. लेखी पेपरचे तीस गुण तीन ठिकाणी वाटावेत. पंधरा गुण विद्यार्थ्यानं केलेल्या पानाला, ते परीक्षकासमोर उघडून. दहा गुण चुकांच्या वहीला : काय अपेक्षित होतं, काय झालं, काय वाटलं, काय निघालं. पाच गुण पाच मिनिटांच्या तोंडी परीक्षेला. चूक जितकी मुळापर्यंत शोधली तितके गुण जास्त. जिचं पान अर्धवट राहिलं पण का राहिलं ते जिला नीट सांगता येतं, तिला पासापुरते तरी मिळावेत.

आपल्या मनात काय शंका येतील त्याचाही मी विचार केला आहे. पहिली, पान एआयकडून करून आणतील. आणतील. मीही एका रात्री एआयला सगळं सांगून बघितलं. पान माझ्यापेक्षा देखणं आलं. पण मुक्कामी गाडी दोनदा घ्यायची हे मी सांगेपर्यंत त्यात नव्हतं, आणि ते मला माहीत होतं कारण मी तिथे एकदा चुकले होते. वहीतल्या नोंदींवर दोन प्रश्न विचारले की काम कोणाचं ते पाच मिनिटांत कळतं. आजच्या पेपरात तर व्याख्या पाठ करून लिहिली की समजून लिहिली हे ओळखायची काहीच सोय नाही.

दुसरी शंका वेळेची. आमच्या वर्गात साठ विद्यार्थी आहेत. पाच मिनिटांप्रमाणे पाच तास होतात, म्हणजे एक दिवस. साठ उत्तरपत्रिका तपासायलाही साधारण तेवढा वेळ जात असावा.

तिसरी शंका सोयींची आणि ती खरी आहे. आमच्या लॅबमध्ये वीस संगणक, एकेकावर तिघं. घरी लॅपटॉप असलेले वर्गात चार-पाच जण. मोबाइलवर कोड लिहिणं किती कष्टाचं असतं ते आम्हीच जाणतो. कंसासाठी कीबोर्डची तीन पानं उलटावी लागतात. पण म्हणूनच वहीला गुण हवेत. वहीला वीज लागत नाही, संगणक लागत नाही. आजीला ओळीओळीतून चालवलं ते मी स्वयंपाकघरात बसून, किराणाच्या बिलाच्या पाठीमागे.

व्याख्या नकोतच असं मी म्हणत नाही. चार शब्द नेमके माहीत असले की सरांशी आणि एकमेकांशी बोलणं सोपं जातं. अंतर्गत परीक्षेत त्यांच्यासाठी पाच-दहा गुण खुशाल ठेवावेत. फक्त ‘अमूर्तीकरण’ लिहिता न आलेल्या मुलीनं फोटोचा तक्ता केला असेल तर ते तिला येतं, असं धरावं.

आमच्यातल्या सगळ्यांच्या चुकांच्या वह्या सरांनी विभागात एकत्र ठेवल्या आहेत. मंडळाची बैठक होण्याआधी आपल्यापैकी कोणी आलं तर त्या बघता येतील. माझी निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात एक पान अजून उघडंच आहे : शाळेची फेरी सुट्टीत आपोआप दिसेनाशी व्हायला हवी आणि गणपतीच्या सुट्टीत ती दिसतच राहिली. मला वाटतं मी सुट्टीचा शेवटचा दिवस मोजत नाही, पण अजून खात्री नाही. आपण साडेपाचच्या आत आलात तर मी लॅबमध्येच असेन.

आपली नम्र,
कला शाखा, प्रथम वर्षातील एक विद्यार्थिनी